पाचवीची रात्र आणि सटवाई

प्रिय ताई,

मला आठवा महिना लागलाय. माझी आई आता नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी व्हायचं आहे. सासूबाई आतापासूनच पाचवीच्या तयारीला लागल्यात. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी, सटवाईचा टाक, रात्रीचं जागरण. नवरा म्हणतो, हे आपल्या घरात होणार नाही. तुकोबांचं 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती' ऐकवतो आणि वर, तू इतिहासात एम.ए. असून गप्प कशी, म्हणून मलाच विचारतो. सासूबाईंचं पहिलं बाळ सातव्या दिवशी गेलं होतं. पाचवी धड पुजली नाही म्हणून गेलं, असं त्यांच्या सासूने त्यांना जन्मभर ऐकवलं. मी फोनवर शोधलं तर कुठे सटवाई देवी, कुठे पोरं खाणारी डाकीण. मग हडळ, जखीण, अळवंतीण असले व्हिडिओ समोर येत राहिले आणि आता रात्रीची झोप उडालीय. ही बाई नक्की आहे तरी कोण? तिने कपाळी लिहिलेलं पुसता येत नाही, हे खरं मानायचं का? पूजा करू की नको?

— एक वाचक

प्रिय मुली,

पूजा करा, हे माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काय करायचं आणि काय मुळीच करू द्यायचं नाही, ते पुढे येईलच. पण सासूबाईंच्या बाळाबद्दल तुम्ही जे दोनच वाक्यांत लिहिलंय, त्यावर मी बराच वेळ अडले. तुमच्या घरातला हा सगळा वाद त्या बाळाभोवती फिरतोय, आणि त्या बाळाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, असं मला दिसतं.

तुम्ही इतिहास शिकलेल्या आहात, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. पाचवी-सहावीचीच रात्र का, याचा कधी विचार केलाय? रोमन कवी ओव्हिडने प्रोकास नावाच्या राजपुत्राची गोष्ट सांगितली आहे. रात्री उडणाऱ्या, बाळांचं रक्त पिणाऱ्या स्ट्रिक्स नावाच्या पाखरांनी त्याला पाळण्यात गाठलं, तेव्हा तो पाच दिवसांचा होता. मग क्राने नावाची देवी आली, तिने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, खिडकीत काटेरी फांदी ठेवली आणि पाखरांना बाळाऐवजी डुकराच्या पिलाची आतडी देऊन परत धाडलं. ग्रीकांच्या मेलेआग्रोस या वीराच्या घरी दैव ठरवणाऱ्या मोइराई आल्या त्या सातव्या दिवशी. बल्गेरियात ओरिस्नित्सी नावाच्या तीन बायका तिसऱ्या रात्री बाळाचं नशीब सांगून जातात. ग्रीसच्या खेड्यांतही तिसरी रात्र धरत, आणि त्या येणाऱ्या बायकांसाठी मध आणि बदाम मांडून ठेवत. तुर्कस्तानात बाळंतिणीला छळणारी अलकारसी चाळीस दिवस घराभोवती घिरट्या घालते, म्हणून खोलीत सुई नाहीतर कात्री ठेवायची. आपल्याकडचा सव्वा महिना आणि उशाखालचा विळा आठवला ना? हे लोक वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या देशांतले. तरी सगळ्यांची भीती त्याच दिवसांवर येऊन थांबते.

याचं कारण मला अगदी जमिनीवरचं वाटतं. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. त्यात जुन्या काळी एक फार भयंकर आजार होता, नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या धारदार काडीने कापायची, वर शेण किंवा राख लावायची. त्यातून जंतू आत जात. बाळ दोन-तीन दिवस छान अंगावर पीत असे. मग एकाएकी पिणं बंद, जबडा घट्ट, हात लावला तरी अंग धनुष्यासारखं ताठ. बहुतेकदा हे जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत सुरू होतं. धडधाकट जन्मलेलं बाळ पाच-सहा दिवसांचं होतं काय आणि डोळ्यांदेखत जातं काय! त्या आईला तुम्ही काय सांगणार होतात? जंतू हा शब्दसुद्धा कुणाला ठाऊक नव्हता. कुणीतरी आलं आणि घेऊन गेलं, एवढंच म्हणता येत होतं. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी फार मोठा वाटा असाच गेला. तिथे त्याला आठ दिवसांचा आजार म्हणत. 1890 च्या दशकात तिथला पाद्री ग्लासगोला जाऊन जंतुनाशक वापरून बाळंतपण कसं करायचं ते शिकून आला, तेव्हा कुठे ते थांबलं. आपल्या देशातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते 2015 मध्ये. म्हणजे अगदी काल-परवा. तुमच्या सासूबाईंचं बाळंतपण त्याच्या खूप आधीचं.

त्यांचं बाळ कशाने गेलं हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण पाचवी पुजण्यात कसूर झाली म्हणून ते गेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगते. हे वाक्य त्यांना आजवर कुणी म्हटलेलं दिसत नाही. तुमच्या यजमानांनी अंधश्रद्धेवर भाषण देण्यापेक्षा आईजवळ बसून हे एक वाक्य म्हणावं, असं मला फार वाटतं.

आता ती देवी आहे की डाकीण. दोन्ही आहे, आणि असं असणारी ती एकटी नाही. संस्कृत ग्रंथांतली षष्ठी तीच ही. बंगालात ती मांजरावर बसते आणि लेकरं सांभाळते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाभोवतीच्या मातृका येतात. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्या त्याला पीडाही देऊ शकतात, आणि पुजलं तर सांभाळतातही. सुश्रुतसंहितेने बाळांना धरणारे नऊ ग्रह सांगितलेत, त्यांत रेवती आहे, शकुनी आहे, आणि कृष्णाच्या गोष्टीतली पूतनाही आहे. जी नेऊ शकते तिलाच राखायला सांगायचं, ही त्यामागची रीत.

श्रावणात देवघरात लावतात तो जिवतीचा कागद तुमच्या घरी असेलच. त्यात लेकरांना खेळवणाऱ्या दोन बायका असतात, जरा आणि जिवंतिका. ही जरा म्हणजे महाभारताच्या सभापर्वातली राक्षसी. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं आणि ते दोन तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले गेले. जरेने न्यायला सोपं जावं म्हणून ते जोडले, तर मूल जिवंत होऊन रडू लागलं. मांस खाणारी बाई ती, पण तिने ते बाळ राजाला नेऊन दिलं. राजाने त्याचं नाव जरासंध ठेवलं आणि राज्यात तिचा उत्सव सुरू केला. ती स्वतःच राजाला सांगते की, जो भिंतीवर माझं लेकरांसह चित्र काढील त्याच्या घराची भरभराट होईल. आपल्या आया-आज्या हे चित्र दर श्रावणात लावत आल्या आणि त्यातल्या राक्षसीला त्यांनी कधी घराबाहेर काढलं नाही.

तरी मला सगळ्यांत जवळची वाटते ती हारीती. ही राजगृहाची यक्षिणी. हिला पाचशे मुलं होती आणि ही गावातली दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. लोक रडत बुद्धाकडे गेले. बुद्धाने तिचं सगळ्यांत धाकटं, लाडकं मूल प्रियंकर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि शेवटी त्याच्याकडेच आली. बुद्ध तिला म्हणाला, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही दशा, मग ज्यांची एक-दोनच होती त्यांचं काय झालं असेल? तिने मुलं खाणं सोडलं. पण मग तिने पोट कशावर भरायचं? बुद्धाने सांगितलं, माझे भिक्षू रोज तुझ्यासाठी घास काढून ठेवतील. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. तिला मारलं नाही, हाकललं नाही, तिच्या भुकेची सोय केली. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवलंय की इथल्या विहारांत भोजनशाळेच्या कोपऱ्यात किंवा दाराशी कडेवर मूल घेतलेली हारीती असायची आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवत.

तिला भेटायला दूर जायला नको. बाळ मोठं झालं की अजिंठ्याला न्या. दोन क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या बाजूला छोटा गाभारा आहे, तिथे ती नवरा पांचिकासोबत ऐसपैस बसलीय, मांडीवर मूल. वरच्या कोपऱ्यांत तिची गोष्ट कोरली आहे, एकीकडे बुद्धावर चवताळून आलेली आणि दुसरीकडे नमलेली. खालच्या पट्टीत शिकवणारे गुरुजी आणि मागे हुंदडणारी पोरं. लोक एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी पाहतात आणि हिच्यापुढून घाईघाईने निघून जातात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. हीच पुढे जपानात किशिमोजिन झाली. टोकियोत तिचं जुनं देऊळ आहे, आया तिच्याकडे बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून जातात. काठमांडूच्या स्वयंभूनाथापाशीही ती आहे, देवी रोगाच्या साथीत मुलं वाचावीत म्हणून तिला पुजत आले.

तडजोड न झालेलीही एक आहे. इराकच्या जुन्या संस्कृतीतली लमाश्तू, आकाशदेव अनूची मुलगी. सिंहाचं डोकं, गाढवाचे दात, पाखराच्या नख्या. ती पोटुशीच्या पोटाला सात वेळा हात लावते आणि बाळ दगावतं, असं मंत्रांत येतं. तिच्या वाईट वृत्तीमुळे बापाने तिला स्वर्गातून ढकलून दिलं. तिला घालवायला पाझुझू नावाच्या दुसऱ्या भुताची मूर्ती गळ्यात घालत. पण तिचीसुद्धा पाठवणी कशी करत पाहा. तिला फणी, चाती, तेल आणि वाटेची शिदोरी द्यायची आणि नदीपार लावून द्यायचं. घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने धाडत नाहीत, मग ती लमाश्तू का असेना.

अळवंतीण आणि हडळीचे व्हिडिओ मात्र आजपासून बंद. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत होतं, हे जवळपास सगळीकडे सांगतात, कारण त्या बाईला अपुरं राहिलेलं मूल सोडवत नाही, असं सगळ्यांनाच वाटत आलं. मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांनी अशा बायकांना लढाईत पडलेल्या वीरांचा मान दिला. दुपारपासून मावळतीपर्यंत सूर्याला त्या घेऊन जातात, असं ते मानत. याच बायका ठरावीक दिवशी चव्हाट्यावर उतरून लेकरांना धरतात, अशी भीतीही होती. बँकॉकमध्ये महाबुत विहाराजवळ माए नाक हिचं ठाणं आहे, बाळंतपणात गेलेली आणि तरी नवऱ्याची वाट पाहत राहिलेली. लोक तिला आजही साड्यांसारखी भारी वस्त्रं आणि तिच्या बाळासाठी खेळणी वाहतात. व्हिडिओ करणाऱ्यांना तिच्यातलं फक्त किंचाळणं दिसतं. ज्या बाईबद्दल हळहळ वाटायला हवी तिची भीती घालून ते पैसे कमावतात, आणि तेही आठवा महिना लागलेल्या मुलीला. याचा मला मनापासून राग येतो.

कपाळी लिहिलेलं पुसता येत नाही, याबद्दल. इजिप्तची एक जुनी कथा पपायरसवर सापडली आहे. राजपुत्र जन्मला तेव्हा सात हाथोर देवी आल्या आणि म्हणाल्या, याचा मृत्यू मगरीने, सापाने नाहीतर कुत्र्याने. राजाने त्याला वाळवंटात दगडी घर बांधून कोंडलं. पोरगा मोठा झाला, कुत्र्याचं पिल्लू हट्टाने मागून घेतलं आणि जग पाहायला निघाला. साप आला तेव्हा बायकोने जागं राहून, वाटीत पेय ठेवून त्याला झिंगवलं आणि मारलं. त्या पपायरसचा शेवट फाटलाय. तो वाचला की मेला, हे आज कुणालाच माहीत नाही.

आणि आपल्या सटवाईची तर स्वतःच्या मुलीची गोष्ट आहे. इरावती कर्व्यांनी ती 1950 मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात छापली. मुलीने विचारलं, आई, तू रोज रात्री कुठे जातेस? लोकांच्या कपाळी लिहायला. मग माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई सांगेना, मुलगी ऐकेना. शेवटी कळलं की तिचं लग्न तिच्याच मुलाशी होणार. मुलगी पुरुषाचं तोंड पाहायचं नाही म्हणून रानात गेली, पण एका राजाने चूळ भरलेलं तळ्यातलं पाणी प्यायली आणि तिला दिवस गेले. झालेलं मूल तिने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकलं. माळ्याने ते वाढवलं, आणि पुढे नकळत तिचं लग्न त्याच्याशीच झालं. एक दिवस तिला तो तुकडा सापडला. तिला सगळं कळलं. ग्रीकांच्या योकास्ताचंही नकळत स्वतःच्या मुलाशी लग्न होतं, आणि ती अशा वेळी फास घेते. सटवाईची मुलगी काही बोलली नाही, तिने तो संसार पुढे सुखाने केला. ही गोष्ट अंगावर येते, मला ठाऊक आहे. पण जिच्या आईने स्वतःच्या हाताने लिहिलं, तिनेही लिखिताला घाबरून जीव दिला नाही, हे ती सांगणाऱ्या बायकांना महत्त्वाचं वाटलं असणार. लिहिलेलं खरं मानायचं की नाही, ते तुमच्या मनावर. खरं मानलंत तरी पुढे जगायचं कसं, हे सटवाई लिहीत नाही.

आता कामाचं बोलू.

पूजा सासूबाईंना करू द्या. पाटा-वरवंटा, कागद, लेखणी, दिवा, नैवेद्य, यातलं काहीही बाळाला इजा करत नाही. बाळाच्या खोलीत धुरी, शेगडी नको. नाळेला हळद, राख, तेल, काहीही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या, चिकाचं दूध एक थेंब वाया जाऊ देऊ नका. घुटी, साखरपाणी सहा महिने नाही, आणि मध तर वर्षभर नाही. धनुर्वाताच्या लसीचे डोस झालेत का, ते कार्डावर पाहा आणि राहिले असतील तर याच आठवड्यात उपकेंद्रात जा. बाळंतपण दवाखान्यातच.

आशाताईंचा नंबर आत्ताच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप पाहतात. ही पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांतून आली. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, आणि 2011 पासून ती देशभर सुरू झाली. बाळ ओढून पीत नसेल, मलूल असेल, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त होत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, नाळेतून पू आला, तर त्याच घटकेला दवाखाना. पाचवीची रात्र असली तरी, पूजा अर्धी टाकून. हे सासूबाईंशी आधीच, शांतपणे बोलून ठेवा. ज्यांचं बाळ गेलंय त्या या गोष्टीला नाही म्हणणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

एकच गोष्ट मात्र ठामपणे सांगा. उद्या बाळाला साधी सर्दी झाली तरी पूजेत काय राहिलं, याची चर्चा कुणीही, कधीही करायची नाही. ते एका बाईने आयुष्यभर सोसलंय. तुमच्यापर्यंत ते येता कामा नये.

तुमच्या यजमानांनाही माझा निरोप द्या. तुकोबांचा अभंग खरा आहे आणि नवसाबद्दल तो अगदी योग्य आहे. पण सासूबाई नवस बोलत नाहीयेत. त्यांच्या आईपणातल्या सगळ्यांत वाईट आठवड्यातून त्या तुम्हाला सोबत करू पाहतायत. तुकोबांनी स्वतः दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला होता, हेही त्यांना आठवू द्या. पाचवीला जागरण करायचंच असतं, तर ते त्यांनी करावं. बाळाचे लंगोट बदलावेत, तुम्हाला दोन तास सलग झोपू द्यावं, गाडीत पेट्रोल भरून ठेवावं आणि 108 नंबर फोनमध्ये साठवून ठेवावा.

— तुमची ताई